मांचुरियन, माझगाव आणि देवली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चायनीज गाड्यांवरचा लेख वाचला. शेजवान चटणीचं वर्णन झकास. पण चिनी माणूस मुंबईत या गाड्यांमागून आला, असा लेखाचा एकूण सूर आहे, तो खटकला. मांचुरियन ही मुंबईचीच पैदास. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा करणारे नेल्सन वँग जन्माने कोलकात्याचे. चिनी माणसं इथे त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

माझं बालपण माझगावात गेलं. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळच, नवाब टँक रोडला, चिन्यांचं देऊळ आहे, १९१९ सालचं. बाहेरून साधं घरच वाटतं. नाव 'सी यिप कून'. सी यिप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातले चार तालुके, कून म्हणजे त्या गाववाल्यांची बसाउठायची जागा. गोव्याच्या खलाशांचे जसे 'कूड', तसंच हे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे देवत्वाला पोचलेला जुना योद्धा, आणि खाली क्वान यिन ही करुणेची देवी. ही देवी मुळात आपला अवलोकितेश्वर, म्हणजे बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. कान्हेरीच्या लेण्यांत तो अकरा तोंडांचा कोरलेला आहे. चीनमध्ये त्याचं स्त्रीरूप झालं, आणि खलाशांबरोबर ते पुन्हा मुंबईच्या गोदीवर उतरलं!

सायकलवर रेशमाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारे, दातांचे दवाखाने चालवणारे असे बरेच चिनी तेव्हा होते. माझ्या वडिलांची पहिली कवळी चिनी डॉक्टरनेच बसवली आणि ती त्यांना शेवटपर्यंत पुरली. महाबळेश्वरचा चायनामन धबधबा आठवत असेल. इंग्रजांनी मलाक्काकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी तिथल्या तुरुंगात ठेवले होते. रस्ते, भाजीचे मळे, वेताच्या टोपल्या यांत त्यांचे हात होते. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला, धबधब्याला नाव राहिलं.

हे सगळं गमतीचं झालं. लिहायला बसलो ते मात्र १९६२ साठी. चीनशी युद्ध पेटलं आणि आसाम, दार्जिलिंग, शिलाँग भागातल्या चिनी कुटुंबांच्या दारावर पोलीस आले. आसामातल्या माकुमचे चिनी तर चहाच्या मळ्यांच्या काळापासून तिथे रुजलेले. कित्येकांच्या आया-बायका आसामी, नाहीतर मळ्यांवरच्या मजूर घरांतल्या. पोरंबाळं, म्हातारे, सगळ्यांना आगगाडीत घालून अनेक दिवसांच्या प्रवासानंतर राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेलं (आपल्या वर्ध्याजवळची देवळी नव्हे). दुसऱ्या महायुद्धात तिथे युद्धकैदी ठेवत. सुमारे ३,००० माणसं तिथे होती, शेवटची सुटली १९६७ मध्ये. खटला नाही, आरोपपत्र नाही. काहींना जहाजाने चीनला धाडलं. त्यातल्या अनेक मुलांनी तो देश कधी पाहिला नव्हता. सुटून घरी परतलेल्या कित्येकांना आपलं घर-दुकान लिलावात गेलेलं दिसलं.

छावणीबाहेर राहिलेल्यांनाही पोलिसांकडे नोंद करावी लागे आणि गावाबाहेर जायचं तर परवानगी घ्यावी लागे. कोलकात्याच्या टांग्र्यात कातडी कमावणारी हाक्का (चिन्यांमधलाच एक समाज) कुटुंबं त्यानंतर हळूहळू कॅनडाकडे सरकली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे ते कारखाने हलवायला सांगितले, तेव्हा उरलेल्या कित्येकांनी त्याच जागांत हॉटेलं काढली. आपण ज्याला 'चायनीज' म्हणतो, त्यातलं बरंचसं या वाटेने आलेलं आहे.

दर चिनी नववर्षाला माझगावच्या देवळातल्या लाल कंदिलांचे फोटो छापून येतात, 'छुपे चायनाटाउन' असा मथळाही ठरलेला. यंदा बातमीदार पाठवाल तेव्हा त्याने कंदिलांचे फोटो जरूर काढावेत, पण सत्तरी ओलांडलेलं कुणी भेटलं तर बासष्ट सालची दिवाळी कशी गेली तेही विचारावं. बोलायला तयार असतील तरच. आमच्या चाळीत त्या वर्षी मुलं 'चिनी मारा' असा खेळ खेळत होती, आणि त्यांत मीही होतो.

आपला,
एक जुना माझगावकर
(सध्या मुक्काम डोंबिवली)