अडेल घोडा की दुखरा घोडा?

महोदय,

शो जंपिंगच्या वृत्तांतांत अडथळ्यापुढे थबकलेल्या घोड्याला सर्रास 'अडेल' म्हटले जाते. दोष एकट्या बातमीदाराचा नाही. हट्टी माणसाला 'अडेलतट्टू' म्हणताना आपण सगळेच हा आरोप घोड्यावर कायमचा ठेवत आलो आहोत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या नकाराला चार दंडगुण आणि दुसऱ्या नकाराला स्पर्धेतून बाद, एवढीच नोंद होते. घोडा का थांबला, हे गुणफलकावर येत नाही. ते कारण शोधण्याचा आपला क्रमच उलटा आहे, असे घोडे शिकवण्यात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत झाले आहे. आधी चाबूक, मग अधिक कडक लगाम, मग नवा प्रशिक्षक, आणि सगळे थकले की पशुवैद्य.

हीच चूक मी स्वतः केली आहे. माझ्याकडची एक घोडी उजवीकडे वळायचे असले तरी उडीनंतर हटकून डाव्या आघाडीने, म्हणजे दौडीत डावा पुढचा पाय उजव्याच्या पुढे पडेल अशा रीतीने, उतरत असे. पुढे ती उजव्या वळणावरचे अडथळे चुकवून बाजूने निघू लागली. तिला आघाडी बदलणे नीट शिकवलेले नाही, असे समजून मी कित्येक आठवडे तिच्याकडून तोच सराव करून घेतला. लंगडण्याचे चिन्ह नव्हते. पावले मात्र थोडी आखूड पडत होती, आणि खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना ती मान वळवून चावायला बघते, हे मोतद्दाराने मला दोनदा सांगितले होते. अखेर पशुवैद्याने डाव्या पुढच्या खुराची टाच इंजेक्शनने बधिर केली, आणि थोड्याच वेळात घोडी उजव्या पायाने स्पष्ट लंगडू लागली. दोन्ही टाचा दुखत होत्या, म्हणून लंगडणे दिसतच नव्हते. डावी अधिक दुखत होती, एवढेच. उडीनंतर जो पुढचा पाय जमिनीला आधी टेकतो, त्यावर सर्वाधिक भार येतो. डाव्या आघाडीने उतरले की आधी उजवा पाय टेकतो. माझ्या दृष्टीने जे अज्ञान होते, ती तिने शोधलेली सोय होती.

ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनखुणांची यादी प्रसिद्ध केली. कान पाच सेकंदांहून अधिक काळ मागे पाडलेले राहणे, दात विलग करून तोंड दहा सेकंदांहून अधिक काळ उघडे ठेवणे, शेपूट एका बाजूला धरणे, वारंवार ठेचकाळणे अशा या खुणा आहेत. त्यांतल्या आठ किंवा अधिक दिसल्या, तर स्नायू वा सांध्यांच्या वेदनेची शक्यता बळावते. कुठे दुखते, हे ही यादी सांगत नाही, आणि आठपेक्षा कमी खुणा दिसल्या म्हणून घोडा निरोगी ठरत नाही. परंतु रोज घोड्यावर बसणाऱ्याला आणि रिंगणाबाहेरून पाहणाऱ्यालाही ती वापरता येते. त्याउलट, वेदनाशामक देऊन पाहण्याच्या प्रचलित उपायावर माझा फारसा भरवसा नाही. फेनिलब्युटाझोनने फरक पडला नाही म्हणजे दुखणे नाही, असा निष्कर्ष निघत नाही, कारण कित्येक जुनी दुखणी त्याला दाद देत नाहीत, आणि जठरात व्रण असतील तर त्या औषधाने ते चिघळू शकतात.

शिकवणुकीतले दोष नसतातच, असे माझे म्हणणे नाही. केवळ पाण्याच्या अडथळ्याशी बुजणारा, दुसरा स्वार बसताच सरळ जाणारा किंवा अडथळा खाली आणताच निर्धास्त होणारा घोडा बहुधा गोंधळलेला असतो, आणि त्या गोंधळाचे मूळ पुष्कळदा चुकीच्या अंतरावरून उडी मागणाऱ्या स्वारात सापडते. मात्र आजवर मनापासून उड्या मारणारा घोडा अचानक बदलला, त्याची अडचण एकाच हाताच्या वळणावर, कठीण जमिनीवर किंवा जोड-अडथळ्यातल्या दुसऱ्या उडीला दिसू लागली, तर प्रशिक्षण तिथेच थांबवून खूर, पाठ, दात आणि खोगीर तपासून घ्यावे. इथेही फसगत होऊ शकते. कसलेला स्वार दुखणे झाकून टाकतो, आणि अडथळा खाली आणल्याने दुखऱ्या घोड्यालाही बरे वाटतेच.

माझ्या घोडीचे नाल बदलले, काही महिने विश्रांती झाली, आणि पशुवैद्याने ती बरी झाल्याचा निर्वाळा दिला. तरीही उजव्या वळणावर ती बाजूने निघतच होती, कारण टाच बरी झाली तरी तिथे दुखते ही आठवण पुसली गेली नव्हती. खऱ्या अर्थाने प्रशिक्षणाचा प्रश्न तेव्हा सुरू झाला, आणि जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांपासून पुन्हा आरंभ करून तो सुटायला जवळजवळ एक हंगाम गेला.

आपला,
एक अश्वारोहण प्रशिक्षक