आई-बाबा, इथे नुसता मका नाही

आई, बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "काय आहे रे तुमच्या इंडियानात, मका आणि सोयाबीन, सोयाबीन तर आपल्या लातुरातपण आहे." हसलो, पण खरं सांगू, जरा लागलं. चूक माझीच, तुम्हाला अमेरिकेत बोलावलं ते जानेवारीत, बर्फ काय, आईचा गुडघा काय, त्यात माझी गाडी बंद पडलेली, म्हणजे मॉल आणि इंडियन किराणा सोडून तुम्ही काहीच बघितलं नाही.

इंडियानातलं आमचं कोलंबस गाव आपल्या उदगीरपेक्षाही लहान, वस्ती पन्नासेक हजार, पण मोठमोठे आर्किटेक्ट इथे कामं करून गेलेत. का, तर इथल्या कमिन्समुळे, डिझेल इंजिनं बनवणारी कंपनी. अर्विन मिलर ती चालवायचे, त्यांनी १९५० च्या दशकात गावाला सांगितलं, शाळा बांधा, फायर स्टेशन बांधा, आमच्या यादीतला आर्किटेक्ट घ्या, त्याची फी आमचं फाउंडेशन भरेल. बिल्डिंगचा खर्च मात्र तुमचा हां! आपल्याकडे शाळेला चार पंखे दिले तरी पात्यावर नाव असतं.

आई, तुला दोन चर्च दाखवायचीत, आर्किटेक्ट बाप-लेकांनी बांधलेली. एलिएल सारिनेनचं १९४२ चं आणि त्याचा मुलगा ईरोचं १९६४ चं, पोरगा बिचारा ते पूर्ण व्हायच्या आधीच १९६१ ला गेला. बापाच्या चर्चमध्ये क्रूस भिंतीच्या मधोमध नाहीच, एका बाजूला. मला आधी वाटलं मिस्त्री चुकला. मग बाकावर बसून राहिलो, उजेड एका बाजूने उतरतो तो बघत, आणि उठताना वाटलं, मधोमध असता तर शोभला नसता. तुझ्या रांगोळीत कसं, तू एक फूल मुद्दाम कडेला काढतेस.

बास्केटबॉलचं तर इथे वेडच. १९५४ ला मायलन नावाच्या खेड्यातल्या शाळेने, मुलं फक्त १६१, राज्याची फायनल ३२-३० ने मारली, शेवटचा बॉल बॉबी प्लम्पचा. त्याआधी पठ्ठ्या चार मिनिटं बॉल हातात धरून नुसता उभा! ती फायनल झाली ते १९२८ चं स्टेडियम अजून चालू आहे.

आता बाबा, तुमचं. इंडियानापोलिसचा रेस ट्रॅक १९०९ चा, अडीच मैलांचा, त्यावर ३२ लाख विटा होत्या, आता फिनिश लाइनवर फक्त तीन फुटांची पट्टी उरलीय, जिंकणारे वाकून तिचा मुका घेतात. जिंकलेला पितो काय, तर दूध. पण ऐका, १९५२ ला कमिन्सने तिथे डिझेल गाडी उतरवली, ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन जवळजवळ आडवं झोपवून, वर इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो, आणि ती रेसआधीच्या क्वालिफायिंगला, म्हणजे कोण पुढून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत, ताशी २२२ किलोमीटर पळून सगळ्यांच्या पुढून सुटली, डिझेल! तुम्ही डेपोत तीस वर्षं जे काळं तेल अंगावर घेतलंत ना, तेच. ७१ व्या लॅपला मात्र बंद. टर्बोचं हवा ओढायचं तोंड पुढे खाली ठेवलेलं, ट्रॅकवरचा कचरा आत जाऊन चोंदलं.

मेच्या शेवटी रेस असते, लातूरचं ऊन तेवढंच टळेल. तिकीट मी बघतो. आणि बाबा, ते तोंड खाली कुठल्या शहाण्याने ठेवलं असेल ते फोनवर सांगा, मला ठाऊक आहे तुम्ही शिवी दिलीच आहे.

तुमचा,
बंड्या