पाया की कार्ड

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर न देताच हे नवे पत्र लिहितो आहे, तेव्हा ज्या काही शिव्या साठल्या असतील त्या मनातल्या मनात घालून घे आणि मग पुढे वाच. आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे, बाकी सर्व क्षेम.

लिहिण्याचे कारण असे की मी गेमिंगचा कॉम्प्युटर घेतो आहे. माझा, स्वतःचा, पहिला. इतकी वर्षे तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून "डावीकडे बघ, डावीकडे" असे ओरडण्यात गेली, हे घरात कोणाला सांगून उपयोग नाही. हिला वाटते की लॅपटॉप असताना ही नवी पेटी कशाला, आणि ऑफिसातल्या तरुण मंडळींना वाटते की या वयात कशाला. रक्कम बेताची असली तरी ती बाजूला काढून झाली आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटला. जो सुटत नाही तो तुझ्यापुढे मांडतो.

आपल्या खजिनदाराने मला एका दमात भागांची यादी सांगितली होती. ती मी बाजूला ठेवली, कारण त्याने पडद्यापासून सुरुवातच केली नव्हती. तो गोळीबाराचे सामने खेळतो. त्याला सेकंदाला १४४ फ्रेम, म्हणजे १४४ चित्रे, लागतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम साधारण ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी, आणि हा ताण मुख्यतः प्रोसेसरवर येतो, कारण पडद्यावर चित्राचे ठिपके (पिक्सेल) कमी असोत वा जास्त, एका फ्रेममागचा प्रोसेसरचा हिशेब जवळजवळ तेवढाच राहतो. मला मात्र खेळांतल्या मोठमोठ्या मोकळ्या जगांत घोड्यावरून रमतगमत हिंडायचे असते, हे तुला ठाऊक आहे. तू त्यावरून माझी यथेच्छ थट्टाही केली आहेस. मला ६० फ्रेम पुरतात, म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंदांची ऐसपैस सवड मिळते. माझी हाव चित्राची आहे. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४०पी पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे जास्त. आणि हे सगळे ओझे चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर पडते. सध्या घरात जुना १०८०पी मॉनिटर आहे, पण पुढे १४४०पी घ्यायचा, हे मनाशी पक्के केले आहे.

आता खरी अडचण ऐक. माझ्या रकमेत दोनच जुळण्या बसतात. पहिलीत पाया जुना, म्हणजे एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) बी५५० मदरबोर्ड, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, डीडीआर४ रॅम, आणि त्यातून वाचलेल्या पैशांत आरएक्स ९०६० एक्सटीचे १६ जीबी मेमरीचे कार्ड. दुसरीत पाया नवा, म्हणजे एएम५, रायझन ५ ७५००एफ, डीडीआर५, आणि मग कार्ड मात्र ८ जीबीचेच परवडते. तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येते आहे. तू पायावाला माणूस आहेस. २०१७ साली ज्यांनी पहिल्या रायझनबरोबर एएम४चा बोर्ड घेतला त्यांपैकी अनेकांना बायॉस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अद्ययावत करून त्याच बोर्डावर २०२२ साली आलेला ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता आला, हे तू मला इतक्यांदा ऐकवले आहेस की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. रायझन बनवणाऱ्या एएमडीने एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे, तेव्हा तुझा मुद्दा आजही जिवंत आहे आणि मला त्याची भीती वाटते ती त्यामुळेच.

पण माझे म्हणणेही शांतपणे वाच. कार्ड पायाला बांधलेले नसते. उद्या पाया बदलला तर हेच कार्ड उचलून नव्या मदरबोर्डावर बसवता येते. जुना प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम मात्र नव्या पायावर चालत नाहीत, एवढेच काय ते नुकसान. उलट आज ८ जीबीचे कार्ड घेतले तर ती मेमरी मागाहून वाढवण्याची सोय कोणत्याच बोर्डावर नाही. २०२३पासून आलेल्या कित्येक खेळांत टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, दर्जा वर नेला की ८ जीबी अपुरे पडतात, आणि मग एकतर खेळ अडखळतो किंवा समोरची भिंत शेवाळ फासल्यासारखी धूसर दिसत राहते. गंमत अशी की मेमरी पुरेशी असेल तर चांगल्या टेक्श्चरसाठी कार्डाला वेगाची किंमत जवळजवळ मोजावीच लागत नाही. रमतगमत हिंडणाऱ्या माणसाला याहून स्वस्त सौंदर्य कुठे मिळणार?

मध्येच इंटेलच्या आर्क बी५८० या कार्डाने मला मोहात पाडले होते. १२ जीबी मेमरी, आणि तीही कमी पैशांत. दोन दिवस मी त्याच धुंदीत होतो. मग कळले की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, प्रोसेसरकडून बरेच काम करून घेतो, त्यामुळे ५६००सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर काही खेळांत हे कार्ड चांगलेच मागे पडते. म्हणजे स्वस्त कार्ड घ्यावे तर त्याला महागडा प्रोसेसर लागतो. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो आणि हिने स्वयंपाकघरातून विचारले की काय झाले. मी म्हणालो, काही नाही.

कार्डांची नावे ठरवणाऱ्यांनी तर कहर केला आहे. ९०६० एक्सटी ८ जीबीमध्येही मिळते आणि १६ जीबीमध्येही, खोक्यावर नाव तेच. आरटीएक्स ३०६० मुळात १२ जीबीचे होते, पुढे त्याच नावाने ८ जीबीचे आले, आणि त्यात मेमरीचा मार्गही १९२ बिटांवरून १२८वर आणलेला होता. प्रोसेसरची कथा याहून निराळी नाही. ५६०० आणि ५६००जी ही भावंडे वाटतात, पण जी असलेल्यात ग्राफिक्स आतच बसवलेले असते आणि त्या बदल्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबीवरून १६वर येते. ५५००मध्ये तर कॅशही निम्मी आणि आतले ग्राफिक्सही नाही. खजिनदाराच्या यादीत हाच ५५०० होता, हे मी त्याला अजून बोललेलो नाही. तूही बोलू नकोस. त्याला फार लागते.

एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीचा, विषय काढल्याशिवाय आपले पत्र पुरे होत नाही, म्हणून काढतो. तुझा तो भल्यामोठ्या वॅटचा स्वस्त एसएमपीएस गेला तेव्हा जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला, आणि तरीही दोष विजेच्या चढउताराचा होता, असेच तू आजवर म्हणत आला आहेस. मी ते तेव्हाही मान्य केले नाही आणि आता तर मुळीच करणार नाही. माझ्या जुळणीत प्रोसेसर ६५ वॅटचा आणि कार्ड सुमारे १६० वॅटचे आहे. चांगल्या घडणीचा ५५० वॅटचा एसएमपीएस त्याला भरपूर झाला. ८० प्लसचा शिक्का मी पाहतो, पण तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, आतल्या घडणीची हमी तो देत नाही, म्हणून नेमके ते मॉडेल कोणी उघडून तपासले आहे का, ते आधी शोधतो. काटकसर मी कॅबिनेटमध्ये करीन. जाळीदार तोंडाचे आणि दोन पंख्यांचे साधे कॅबिनेट मला पुरते. काचेआडची रोषणाई ज्याला हवी त्याला लखलाभ.

उरलेले थोडक्यात. रॅम १६ जीबीची, पण ८-८च्या दोन पट्ट्या, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग (चॅनेल) चालतील. खरे तर ३२ घ्यायची होती, परंतु मेमरी बनवणाऱ्यांनी आपला मोहरा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवल्यापासून तिचे भाव असे चढले आहेत की तो बेत सध्या गुंडाळून ठेवला. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करायचे माझ्या लक्षात आहे, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वरच रांगत बसते. साठवणीसाठी एसएसडी, एनव्हीएमई प्रकाराची, १ टीबी. त्यातल्या फार वेगवान प्रकाराने खेळ उघडायला लागणाऱ्या वेळात नजरेत भरावा असा फरक पडत नाही, म्हणून तिथे पैसे घालत नाही. कूलर प्रोसेसरच्या खोक्यात येतो तोच. वापरलेले कार्ड घेण्याचा विचारही केला होता, पण पहिल्याच जुळणीत काही बिघडले तर दोष माझ्या हाताचा की कार्डाच्या वयाचा, हे मला ओळखता येणार नाही, म्हणून ती वाट सोडली. तुझ्यासारखा जाणकार शेजारी बसलेला असता तर गोष्ट वेगळी होती.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींनी क्लास पुन्हा सुरू केल्याचे ऐकले, फार बरे वाटले. धाकट्याच्या दहावीचे पेढे येणे आहेत, ते विसरलेलो नाही. घराच्या कामाबद्दल तू लिहिले होतेस, त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन.

आता मला एवढेच कळव की वरच्या हिशेबात पायावाल्याला दाखवता येईल असे भोक कुठे आहे. "भविष्याचा विचार कर" हे उत्तर चालणार नाही. १६ जीबी हादेखील भविष्याचाच विचार आहे. ५६०० १४४०पीवर ६० फ्रेम सांभाळताना कुठे दमेल, असे तुला ठामपणे वाटत असेल तर त्या खेळाचे नाव लिही, मी तो खेळतो की नाही ते पाहीन. गर्दीने गजबजलेल्या शहरांचे काही खेळ तू काढशील, याचा अंदाज मला आहे, आणि तिथेच माझे मन थोडे डळमळते. रविवारपर्यंत तुझे पत्र आले नाही तर मी बी५५० मागवतो. बोर्ड जुन्या साठ्यातला निघाला आणि त्याच्या बायॉसने ५६००ला ओळखलेच नाही, तर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायॉस भरता येईल असे बटण असलेलाच बोर्ड निवडतो आहे. त्याबाबतीत निश्चिंत राहा.

तुझा,
शेजारच्या खुर्चीवरचा