लुळ्या हाताला ‘दाबून धरा’ सांगू नका

मा. संपादक,

खानापूर तालुक्यात मी ३१ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बेळगावातल्या एका दवाखान्यात आठव्या दिवशी सिस्टरनं सलाईनची सुई काढली, वर कापूस ठेवला, ‘ओत्ति हिडीरी’ (दाबून धरा) असं कन्नडमध्ये म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. दादांना कन्नड चांगलं समजतं. पण लकव्याच्या हातात शक्यतो सुई घालत नाहीत, म्हणून ती डाव्या हातात होती. दाबायचं कशानं? लुळ्या उजव्यानं? मी चहा घेऊन आले तोवर चादर भिजली होती आणि मनगटावर लिंबाएवढी सूज आली होती. दादांना हाकही मारता येईना, नुसते दाराकडे बघत होते.

त्या पोरीला मी दोष देत नाही, दोन वॉर्डांना ती एकटी. पण मेंदूत रक्ताची गुठळी अडकून लकवा झालेल्या रुग्णांना गुठळी होऊ न देणारी औषधं (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कधी हेपरिन) चालू असतात, त्यामुळे रक्त थांबायला वेळ लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असेल, तर पहिले २४ तास गरजेशिवाय टोचूच नये.

सुई तिरकी जाते. त्यामुळे कातडीचं छिद्र आणि शिरेचं छिद्र एका जागी नसतं. शिरेचं जरा वर, खांद्याच्या बाजूला असतं. एकाच बोटानं खालचं दाबलं तर वरून कोरडं दिसतं आणि आत रक्त पसरत राहतं. सुई पूर्ण बाहेर आली की कोरडा गॉज ठेवून शिरेच्या रेषेत दोन-तीन बोटं दाबावीत, घड्याळ बघून किमान ५ मिनिटं. मधेच उचलून बघायचं नाही, चोळायचं नाही, स्पिरिटचा कापूस नको. कोपरातून रक्त घेतल्यावर ‘हात दुमडा’ असं सर्रास सांगतात, तेही चूक. हात सरळच ठेवावा आणि थोडा उंच धरावा. १० मिनिटांनीही थांबलं नाही किंवा सूज वाढली तर डॉक्टरांना बोलवावं. काळंनिळं पडलं म्हणून घरच्यांनी गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कळकळीनं सांगते.

दवाखान्यांना विनंती एवढीच, की स्वतःला थांबणं जमत नसेल तर आधी नातेवाइकाला बोटं कुठं ठेवायची ते दाखवा आणि मगच सुई काढा.

पुढच्या वेळी वहिनींनी दाबलं, मी घड्याळ धरलं. ७ मिनिटांनी बोटं उचलली, तेव्हा गॉजवर तांदळाच्या दाण्याएवढा डाग होता.

– एक निवृत्त परिचारिका, खानापूर