वहिनी हरल्या

वेंगुर्ले

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, माझी साखर आटोक्यात आहे. पत्राचे कारण एकच: थेट सरपंचपदाच्या निवडणुकीत वहिनी हरल्या. नळपाणी योजनेचे पाणी कोणत्या वाडीत का पोहोचत नाही आणि वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च करता येतो, हे गावात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. निवडून आलेल्या गृहस्थांनी पाण्याचा विषयसुद्धा काढला नाही. मुंबईच्या चाकरमान्यांना मतदानासाठी आणायला बसगाड्या मात्र पाठवल्या.

आता वाडीतले शिकलेले तरुण म्हणतात की मताला शिक्षणाची अट हवी. नेमके हेच तू 1991 साली, आपले खासदार मधु दंडवते लोकसभेला हरले तेव्हा म्हणाला होतास, आणि आपण अख्खा पावसाळा एकमेकांशी बोललो नव्हतो. माझे म्हणणे आजही तेच आहे: अशी अट नको. ज्या राजापूर मतदारसंघातली घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत, त्याच मतदारसंघाने 1957, 1962 आणि 1967 साली बॅरिस्टर नाथ पै यांना आणि 1971 पासून सलग पाच वेळा पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक दंडवते यांना लोकसभेत पाठवले. रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घालणारा तो माणूस, कोकण रेल्वेचे काम सुरू होताच पडला, हे मलाही अजून सलते. पण तू सहाव्या निकालाचाच हिशेब धरून बसलास, आधीच्या पाचांचा कधी धरलाच नाहीस.

मंडणगडातले आंबडवे ज्यांचे मूळ गाव, ते बाबासाहेबही 1952 साली मुंबईत आणि 1954 साली भंडाऱ्यात हरले. प्रत्येक प्रौढाला मत हवे ही मागणी त्यांनी 1928 सालीच सायमन आयोगापुढे केली होती. त्यांना हरवणाऱ्यांच्याही हातात मत होते ते या आग्रहामुळेच, आणि ते तसेच असायला हवे होते.

माणूस हुशार आहे की नाही हे मतदार ओळखतो, बाळू. पण तो हुशार माणूस आपल्या अडीअडचणीला येईल की नाही, हे तो त्याहून आधी पाहतो, आणि त्यात त्याचे काय चुकते? नाथ पै लोकांना आपले वाटले, म्हणून त्यांची विद्वत्ता कोणाला परकी वाटली नाही. वहिनींचे काम ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या फायलींत राहिले, वरच्या वाडीपर्यंत ते कोणी सांगितलेच नाही. सांगायला आपणच जायला हवे होते, असे मला वाटते. मला खरी भीती निकालाची नाही, त्यानंतरची आहे. त्या म्हणतात, आता पुन्हा उभी राहणार नाही. असे एकेक जाणते माणूस घरी बसले, तर मतपत्रिकेवर उरेल त्यातूनच लोकांना निवडावे लागेल, आणि मग दोष पुन्हा लोकांनाच लागेल.

तुझ्या लेकीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. नव्या जागेचे पाणी मानवले ना?

वहिनींना तू पत्र लिही, तुझे त्या ऐकतात. निवडणुकीचे काही लिहू नकोस. येत्या ग्रामसभेत नळपाणी योजनेचा खर्च विचारायला त्यांनी यावे, एवढेच लिही. त्यांच्या शेजारी मी बसेन.

तुझा,
अण्णा