गाडीत गरम फरशी घालून देणाऱ्या मेस्त्रीकाकांस

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय. आमच्या राहायच्या-झोपायच्या गाडीत फरशी कशी घातलीत, असं विचारणारे आता बरेच झालेत. त्यांना मी जे सांगतो ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे, आणि ते माझ्या नावावर खपायला लागलंय. तेव्हा मालकी ज्याची त्याला देऊन टाकतो.

कोकणात ‘गरम फरशी’, म्हणजे खालून विजेच्या चटईने तापणारी फरशी, म्हटल्यावर हसणारेच जास्त भेटले. मे महिन्यात कुडाळात कुणाच्याही अंगणात अनवाणी उभं राहा, फुकटात मिळते! पण आम्ही गाडी बांधत होतो ती हिमाचलात थंडी काढायला, आणि बाबांच्या संधिवाताला रात्री उठल्यावर गार जमीन सोसत नाही. तुम्ही हसला नाहीत. एवढंच विचारलंत, “गाडयेचा वजन किती?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्याने गाडीचा सांगाडा केला तो म्हणाला होता, काहीही घाला, बसेल. आईला जांभ्याची फरशी हवी होती, मला काळा ग्रॅनाइट. तुम्ही सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने हिशेब मांडलात. दोन सेंटीमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास जातो. त्याखाली नेहमीसारखा चार सेंटीमीटर सिमेंट-वाळूचा माल टाकला तर त्याचेच ८० किलोच्या वर. म्हणजे दगडापेक्षा त्याची गादीच जड. आमच्या चार चौरस मीटरला पाचशे किलोंहून जास्त झालं असतं. जांभ्याला तुम्ही वेगळ्याच कारणाने नाही म्हणालात: पाणी पितो, सांडलेली आमटी पितो, आणि घासायला गाडीत जागा कुठे असते? आई अजून थोडी नाराज आहे.

“आधी काट्यार घाल, मगे फरशेचा बोल,” म्हणालात. चिऱ्यांचे ट्रक ज्या काट्यावर जातात तिथेच आमची गाडी नेलीत. पाण्याची टाकी भरून, सिलेंडर ठेवून, गाद्यांसकट. आधी पुढची चाकं, मग मागची, मग अख्खी गाडी. आरसी बुकातल्या कमाल वजनाच्या आकड्याशी ताडून पाहिल्यावर ग्रॅनाइटचं नाव मी परत काढलं नाही. शेवटी सहा मिलिमीटरची पातळ पोर्सिलेन टाइल घेतली, जांभ्याच्या रंगाची. चौरस मीटरला १४ किलोच्या आसपास, चिकटवायचा मसाला धरून वीसच्या आत.

आता तो भाग, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. आयुष्यभर तुम्ही मालावर फरशी घातलीत. थापी, ओळंबा, गुण्या, रबरी हातोडा, सगळं घरासाठी शिकलेलं. आणि गाडी बघून तुम्ही ते बाजूला ठेवलंत. “ही हलतली, पिळवटतली. तेच्यार माल टाकून काय उपेग?” मग तुम्ही पत्र्यापासून सुरुवात केलीत. खाडीकाठच्या हवेत उभी राहिलेली गाडी, खालून गंज धरलेलाच होता. तो खरवडून झिंक प्रायमर मारल्याशिवाय तुम्ही पुढे हललाच नाहीत. त्यावर ऊब अडवणाऱ्या एक्सपीएस फोमच्या लाद्या, नाहीतर बरीच ऊब खाली रस्त्याला जाते. त्यावर मरीन प्लाय, जवळजवळ स्क्रू मारून.

आणि मग टाइल न लावता आंबोली घाट चढायला लावलात! तुम्ही मागे उघड्या प्लायवर बसून. वळणावर जिथे जिथे करकर वाजली तिथे खडूने फुली. खाली आल्यावर प्रत्येक फुलीवर जास्तीचे स्क्रू आणि गोंद. हे कुठल्याही पुस्तिकेत मी वाचलेलं नाही. लोक महागडी चटई आणि महागडी टाइल आणतात आणि खालचं प्लाय वर-खाली होत असतं, मग दर्जा, म्हणजे टाइलांमधले सांधे, फुटतात आणि दोष टाइलला जातो.

मसाल्याबद्दलही तुमचा हट्ट होता. दुकानदार स्वस्तातली पिशवी पुढे करत होता, तुम्ही ‘एस टू’ लिहिलेलीच मागितलीत. हा शिक्का असलेला मसाला सुकल्यावरही पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वाकून घेतो, न तुटता. कडेने भिंतीपाशी बोटाच्या पेराएवढी नाही, पण चांगली सहा मिलिमीटरची फट सोडलीत आणि तिथे मसाला न भरता सिलिकॉन.

विजेचं काम तुमच्या पुतण्याने केलं, त्यालाही धन्यवाद. गरम करणारी चटई फक्त चालायच्या पट्ट्यात, अडीच चौरस मीटर. कपाटांखाली नाही, कारण तिथे ऊब कोंडून राहते. ३७५ वॅट. त्याने चटई उलगडण्याआधी, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर मीटर लावून रोध मोजला. दर वेळी १४१ ओहमच्या आसपास, आणि दर वेळी तो आकडा दाराच्या चौकटीवर लिहिला. मध्येच आकडा पळाला असता तर तार दुखावली हे टाइल पक्की व्हायच्या आत कळलं असतं. वीज गळली तर लगेच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी त्याने न विचारता बसवला. २०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीवर ही चटई सलग चालवली तर सहा तास जेमतेम, त्यामुळे आम्ही झोपण्याआधी आणि पहाटे तेवढी लावतो. शून्य अंशाखालच्या थंडीत ती बॅटरी चार्ज करायची नाही, हेही त्यानेच बजावलं. म्हणून ती आता बाहेरच्या पेटीत नाही, पलंगाखाली आहे.

जुलै होता. हवेला ओल इतकी की कपडे आठवडाभर वाळत नव्हते. मसाला लवकर सुकावा म्हणून चटई जरा लावू या का, असं मी विचारलं. तुम्ही सुतळीने बटणच बांधून टाकलंत. “सुकता तसा सुकांदे. घाय कसली?” चटईच्या कागदावर लिहिलेली मुदत पुरी होईपर्यंत ती सुतळी कुणी सोडली नाही, बाबांनीसुद्धा.

हिमाचल झालं. खड्डे, बर्फ, रात्री काच आतून गोठायची. बाबा पहाटे उठून चहा ठेवायचे, अनवाणी. एकही टाइल पोकळ वाजत नाही. परवा नाण्याने ठोकून पाहिल्या सगळ्या. फक्त दाराच्या पायरीजवळचं सिलिकॉन सुटलंय. तिथे सुटेल असं तुम्ही म्हणालाच होतात.

मजुरीपैकी अर्धीच घेतलीत, ‘माझा शिकणा झाला’ म्हणून. ते बरोबर नाही, काका. उरलेली पाकिटात घालून ठेवली आहे. शनिवारी सिलिकॉन भरायला येताना पुतण्यालाही आणा. आईने कुळथाची पिठी आणि सुकट ठरवलं आहे, आणि जांभ्याचा विषय ती काढणारच, तयारीने या.

तुमचा,
कुडाळचा गाडीवाला