जामीनदाराचं नाव शाबूत ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव कुठे घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही शिकवलंत ते आमच्यासारख्या कितीतरी पतसंस्थांच्या उपयोगाचं आहे.

काम वरवर साधं होतं. एकेका कर्जप्रकरणात मागणी अर्ज, वचनचिठ्ठी, जामीनदारांची संमतीपत्रं, मंजुरीपत्र अशा वर्डच्या वेगवेगळ्या फायली. त्या जोडून प्रत्येक प्रकरणाची एक बहुपानी टिफ, म्हणजे अनेक पानांची एकच चित्र-फाईल, करायची, कारण आमची दप्तर प्रणाली तेवढंच स्वीकारते. पीएनजी किंवा जेपीईजी या चित्रांच्या प्रकारांत एका फायलीत एकच पान मावतं, टिफमध्ये हवी तितकी. इंटरनेटवरून फायलींचं रूपांतर करून देणाऱ्या क्लाउड सेवेला फायलींची नावं क्रमानं पाठवायची, टिफ हवी असं सांगायचं आणि तयार फाईल उतरवून घ्यायची. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या थोड्या ओळींत हे होतं, आणि तेवढं आम्हाला माहितीपत्रक वाचूनही जमलं असतं.

तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत की या कागदांवर आधार क्रमांक आहेत का. असतील तर फायली कुठल्या सर्व्हरवर जातात, किती वेळ राहतात, हे आधी लेखी विचारून घ्या म्हणालात. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं सेवा बाहेरची घेतली तरी जबाबदारी संस्थेचीच राहते, हे आमच्या संचालकांना तुम्ही स्वतः समजावून सांगितलंत. म्हणूनच आमचा प्रोग्रॅम टिफ हाती आली की लगेच सर्व्हरवरची मूळ फाईल आणि टिफ दोन्ही पुसायला सांगतो. सेवेची गुप्त किल्ली, म्हणजे ती वापरण्याचा पासवर्डसारखा संकेत, तोही कोडमध्ये लिहिलेला नाही.

मग फॉन्ट. वर्डच्या फायलीत पान ठरलेलं नसतं, हे मला तुमच्याकडून कळलं. आत असतो मजकूर आणि तो कसा दिसावा याच्या सूचना. ओळ कुठे तुटणार आणि पान कुठे संपणार, हे फाईल उघडणारा प्रोग्रॅम त्याच्याकडच्या फॉन्टवरून ठरवतो. सर्व्हरवर आपला फॉन्ट नसला की दुसरा येतो, ओळी सरकतात आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. मराठीत तर अक्षरंच मोडू शकतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दिसते आधी. ही मांडणी न करणारा प्रोग्रॅम ‘विठ्ठल’चे तुकडे करून ठेवतो. त्यासाठी तुम्ही एक चाचणीचं पान बनवून दिलंत: विठ्ठल, ज्ञानेश्वर, कऱ्हाड, द्वितीय, दुसऱ्या, श्रीकृष्ण. ते पान नीट उमटल्याशिवाय एकही खरं प्रकरण पाठवायचं नाही, ही तुमची अट. वर्डमधला चुकीचा शब्द उद्या दुरुस्त करता येतो, चित्रात गेलेला तसाच राहतो. जामीनदाराचं नाव दप्तरात तुटकं गेलं तर वसुलीच्या दाव्यात तो कागद कोण मानणार? तुम्ही फॉन्ट सोबत पाठवण्याची सोय शोधून दिलीत आणि ‘कऱ्हाड’मधला र नीट येईपर्यंत आमच्याबरोबर बसलात. त्या चिकाटीचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आली नसती. फायली आधी जोडून मग चित्र काढलं, की ज्या फायलीला स्वतःचं शीर्षक (पानाच्या माथ्यावर छापला जाणारा मजकूर) नाही तिच्यावर आधीच्या फायलीचं शीर्षक चढतं. वर्डचा तो नियमच आहे, नव्या विभागाला शीर्षक दिलं नसेल तर मागच्याचं चालू राहतं. जामीनदाराच्या संमतीपत्रावर कर्जदाराचा खाते क्रमांक छापून आलेला तुम्हीच नमुना पाहताना पकडलात. आता आम्ही प्रत्येक फाईल नव्या पानावर, नव्या विभागात सुरू करतो आणि शीर्षक नसेल तिथे रिकामं शीर्षक मुद्दाम घालतो. पान क्रमांकही प्रत्येक कागदाचे 1 पासून.

आकाराचं गणित तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) ए4 पान 2480 × 3508 पिक्सेलचं होतं. रंगीत ठेवलं तर न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) एकेक पान सुमारे 26 एमबी, निव्वळ काळंपांढरं केलं तर 1 एमबीच्या आसपास, आणि ग्रुप 4 या काळ्यापांढऱ्या चित्रांसाठीच्या पद्धतीनं दाबलं की त्याहून पुष्कळ कमी. पण काळ्यापांढऱ्यात अर्जावरचा फोटो डाग होऊन जातो. म्हणून मागणी अर्ज रंगीत, बाकीचे कागद काळेपांढरे, हा तुमचा निर्णय मला फार पटला. जागा वाचवायला माणसाचा चेहरा घालवू नका, असं तुम्ही म्हणाला होतात.

हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून, संध्याकाळी, एक रुपयाही न घेता केलंत. मानधनाचा विषय काढला तेव्हा म्हणालात की चाचणीचं पान इतर संस्थांनाही द्या. शेजारच्या दोन पतसंस्थांना ते दिलं आहे, आणि मागेल त्याला देऊ.

दिवाळीनंतर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतली जुनी प्रकरणं हाती घेणार आहोत. त्यांतली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत, तेव्हा आधी मजकुराचं रूपांतर करायचं की फॉन्टच सर्व्हरवर न्यायचा, हे तुमच्याशी बोलूनच ठरवू. त्याच्या नमुन्याच्या फायली खोटी नावं घालून तयार ठेवल्या आहेत.

तुमचा कृतज्ञ,
पतसंस्थेच्या दप्तर विभागातला एक कर्मचारी